सुनेच्या पेपराला गेलेला टेम्पो

आमच्या सुनेच्या एम. ए.च्या शेवटच्या पेपराला आम्ही घरचे सगळे हजर होतो. सून तेवढी बसली नाही.

हे वाचून तुम्ही तिला आळशी ठरवाल, म्हणून आधीच सांगते, चूक आमची होती. त्यातली मोठी माझी. (आमच्या ह्यांचीही होती, पण ते आता नाहीत, तेव्हा त्यांचा वाटाही माझ्याच डोक्यावर!)

मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. झेंडू, गलांडा, थोडा निशिगंध. नव्वदीच्या मधली वर्षं असतील. आमच्या बाळूसाठी मुलगी बघायला गेलो. मुलगी सुजाता, नाशकातलीच, शिकलेली. तिचे वडील म्हणाले, "संगीतात एम. ए. करतेय." माझी शाळा चौथीपर्यंत. एम. ए. कळलं नाही, संगीत कळलं. मी लगेच म्हणाले, "मग एखादं गाणं म्हण की!"

"मी गात नाही," मुलगी म्हणाली. "संगीताचा इतिहास आणि साहित्य हा माझा विषय आहे. कोण कुणाकडे शिकलं, कुणी काय लिहून ठेवलं, गाणं कसकसं बदलत गेलं, ते."

परत येताना हे म्हणाले, "पोरगी लाजाळू हाय."

"बरंच आहे," मी म्हणाले. "गाणाऱ्या बायकांना तोंड फार असतं."

झालं! तिथून जे चुकत गेलं ते चुकतच गेलं.

लग्नानंतर शिक्षण पुरं करू द्यायचं, एवढी एकच तिच्या वडिलांची अट होती. आम्ही एका पायावर तयार! वस्तीच्या भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरी असायची, हे ती वाजवायचे, आणि गाणारे सगळे गळे फुटके. त्यात असली सून म्हणजे घरात लॉटरी.

दुपारी आम्ही दोघी हार करायला बसायचो. तिच्यासमोर फुलांची पाटी आणि पाटीला टेकवलेलं पुस्तक. बोटं पदराला पुसून ती पान उलटायची, तरी प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला झेंडूचा पिवळा डाग. वाचलेलं मला सांगायची. कुणी गवई गुरूचे पाय दाबत वर्षानुवर्षं राहिला, कुणा बाईचं गाणं लोकांनी ऐकलं पण नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मी सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "ते असू दे. तिचं गाणं म्हणून दाखव."

ती हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

तिच्या कॉलेजातल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, एवढा शेवटचा पेपर झाला की शिकवायची एक तात्पुरती जागा आहे, ती तुझीच. हे तिनं मला एकदाच सांगितलं. पण सांगताना तिचा चेहरा असा उजळला की मी मनाशी ठरवलं, या पोरीच्या परीक्षेला कशात कमी पडू द्यायचं नाही.

आणि आम्ही कमी पडलो नाही! महिनाभर तिचं दही बंद, पेरू बंद, लोणचं बंद. सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा. ती वाचत बसली की मी पुस्तक मिटून ठेवायची आणि म्हणायची, "डोळ्यांना कशाला ताण? गळा जप."

आदल्या दिवशी जेवताना ती बाळूकडे बघत म्हणाली, "उद्या हे मला मोटारसायकलवर सोडतील. अकराचा पेपर आहे. लेखी."

"लेखी म्हंजे?" ह्यांनी विचारलं.

"लिहायचं असतं, बाबा."

"लिही की! लिहून झाल्यावर म्हणायचंच हाय ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तू नीज. आवाज खराब होईल." आणि ह्यांना म्हणाले, "पोरीला एकटं नाही पाठवायचं. तिच्या मागं कुणी नाही असं वाटेल लोकांना."

बाळूला खरं काय ते माहीत होतं का? होतं. पण बापासमोर त्याचं तोंड उघडत नसे. आमच्या घरात गाणारे का निपजले नाहीत, ते यावरून कळावं.

तर सकाळी फुलांचा टेम्पो निघाला. पुढे बाळू, मी आणि मधे सुजाता. मागे फुलांचे प्लॅस्टिकचे क्रेट, क्रेटवर आख्खं भजनी मंडळ, मंडळाच्या मांडीवर पेटी, आणि पेटीशेजारी फेटा बांधून हे. आमच्या घरापासून कॉलेज म्हणजे सरळ, पुलापलीकडे. पण माल तर आधी टाकायलाच हवा ना! पंचवटीत फुलबाजारात गेलो. तिथं भावावरून घासाघीस. मग ह्यांना मारुतीपुढं नारळ फोडायचा होता. पहिला नारळ कुजका निघाला. अपशकुन नको म्हणून दुसरा आणला.

"आई, साडेअकरानंतर आत घेत नाहीत," सुजाता म्हणाली.

"अगं, गाणारा पोचल्याशिवाय बैठक सुरू होते का कुठं?"

आणि मग इंदिरानगर. इंदिरानगर कशाला? तर माझी थोरली नणंद कुसुमआक्का तिथं राहायची, आणि तिला घेतलं नसतं तर मरेपर्यंत ऐकवलं असतं! आम्ही पोचलो तेव्हा आक्का साडी नेसत होती. नेसून झाल्यावर तिनं वाटीत दही-साखर आणली.

"आक्का, दही नको! घसा बसेल तिचा."

"माझ्या घरातून कुणी दह्याबिगर परीक्षेला जाणार नाय."

"तुमच्या घरातून कुणी परीक्षेला गेलंय तरी का कधी?"

(हे मी बोलायला नको होतं. आक्काचे दोन्ही मुलगे नववीला शाळा सोडलेले.)

आक्का पदर खोचून खुर्चीत बसली. "मी येतच नाय. जावा तुमचं तुम्ही. लय शहाणे झालात!"

झालं, हे बहिणीची समजूत काढायला बसले. मंडळाला चहा झाला. एकानं बिस्किटं मागितली. मी दह्यावरून, आक्का मुलांवरून आणि हे दोघींवरून, असे आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. तेवढ्यात सुजातानं पुढं होऊन वाटी उचलली, एका घासात दही संपवलं आणि म्हणाली, "खाल्लं. चला आता!"

लग्न होऊन आल्यापासून तिचा चढा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आणि माझ्या मनात आलं काय, तर वा, गळा अगदी मोकळा आहे!

आक्काला घेऊन निघालो, तर मुंबई नाक्यावर हवालदारानं टेम्पो अडवला. "मालाच्या गाडीत माणसं?"

हे मागून ओरडले, "साहेब, सुनेची परीक्षा हाय!"

"कुठाय सून?"

"ती काय, पुढं बसलीय."

"मग हे मागचे कोण? नापास झालेले?"

बाळूनं खाली उतरून हात जोडले. मंडळातल्या एकानं वातावरण हलकं व्हावं म्हणून पेटीचा सूर धरला. हवालदाराला तो आवडला नाही. आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं केलं. सुजातानं मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवलं, काटे दिसू नयेत म्हणून.

कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. ती धावत पुढे गेली. आम्ही पेटी उतरवेपर्यंत ती परत आमच्याच दिशेनं येताना दिसली. चालत.

हे वॉचमनवर तडकले, "अहो, हिच्याबिगर गाणार कोण आत?"

"कुणी गात नाय, काका. लेखी पेपर चाललाय. हळू बोला."

मी खिडकीपाशी जाऊन पाहिलं. सगळ्याजणी माना खाली घालून लिहीत होत्या. एकाही पोरीचं तोंड उघडं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही मुलगी दीड वर्ष मला खरं तेच सांगत होती.

तिच्या बाई बाहेर आल्या. फेटे पाहिले, पेटी पाहिली. "ही माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिचे कोण?"

एरवी आक्का कुठलाही प्रश्न सोडत नाही. त्या दिवशी तीही टेम्पोत जाऊन बसली. ह्यांनी फेटा काढून काखेत धरला.

सुजाता रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मी एकटी रिक्षानं जाईन."

पुढच्या वर्षी नेमक्या पेपराच्या आठवड्यात नातू झाला. (याचा दोष मी घेणार नाही.) ती जागा तिच्या मैत्रिणीला मिळाली. त्यापुढच्या वर्षी तिनं परीक्षेचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मी काढायला हवं होतं. घरात सगळ्या गोष्टींत तोंड घालणारी मी, त्या एका गोष्टीत गप्प बसले.

पण त्या दिवशी गप्प बसले नव्हते, तेच नडलं. टेम्पो वस्तीत शिरला तेव्हा शेजारणी कोपऱ्यावर वाटच बघत होत्या. "कसं झालं वो सुनेचं गाणं?" आता काय सांगू? मंडळ खाली मान घालून बसलेलं. मी म्हणाले, "लय रंगलं!"

मग काय! बारशाला बोलावणं, हळदीला बोलावणं, गणपतीत तर रोजचं. "सुजाताला गायला पाठवा." प्रत्येक वेळी मी सांगायची, "घसा बसलाय हो तिचा." एक वर्ष झालं, पाच झाली, नवं शतक लागलं, तरी घसा बसलेलाच. बायका खडीसाखर पाठवायच्या, कुणी मनमाडच्या वैद्याचा पत्ता द्यायचं. शेवटी वस्तीनं आपापसात ठरवून टाकलं, की मुलगी सोन्याच्या गळ्याची होती, पण सासूनं मळ्यात राबवून तिचा आवाज घालवला.

आजही मखमलाबादेत तसंच मानतात. मी आधी चिडायची, आता खोडून काढत नाही. तपशील सोडला, तर लोकांचं फारसं काही चुकत नाही.