चूक दाखवा, चहा घ्या

फुलसावंगीहून उमरखेडच्या महाविद्यालयात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मले समजलं नाई" म्हणाले आणि मागच्या बाकांवर जी खसखस पिकली, ती काही केल्या कानातून जाईना. शनिवारी दादा भेटायला येणार होता. बॅग भरायची आणि त्याच्याबरोबर कायमचे घरी परतायचे, असे मी ठरवून टाकले होते. त्याच आठवड्यात डॉ. सुखदेव मुनेश्वर सर आम्हाला रेषीय बीजगणित शिकवायला आले.

सरांचा नियम असा, की फळ्यावरची त्यांची चूक जो दाखवेल, त्याला कॅन्टीनमध्ये सरांकडून चहा. बुधवारी त्यांनी एका सिद्धतेत समीकरणाच्या दोन्ही बाजूंची मॅट्रिक्स साध्या संख्येसारखी खोडली. मॅट्रिक्स अशी खोडता येत नाही. तिचा व्यस्त आहे का, ते आधी पाहावे लागते. मी वहीत दुरुस्ती केली, वही तपासायला दिली आणि गप्प बसले. गुरुवारी फळ्यावर तेच, वर "हे पुसू नका" अशी तंबी. शुक्रवारीही तेच! माझ्याच्याने राहवेना.

"सर, थे असं खोडता येत नाई."

हशा पिकला. एरवी पुस्तकी मराठी बोलणारे सर म्हणाले, "काहून येत नाई? ये, दाखव बरं." त्यांनी खडू माझ्या हाती दिला. मी उदाहरण मांडले, तसे हसणारे मुकाट्याने उतरवून घेऊ लागले. चहा आल्याचा होता. शनिवारी दादा एकटाच परतला.

स्वतःच्या संशोधनातही सरांनी हाच नियम पाळला. त्यांच्या छापून आलेल्या लेखातली उणीव एका नवख्या प्राध्यापिकेने कळवली, तेव्हा सरांनी तिच्या नावासकट दुरुस्ती छापायला पाठवली. बाकी व्यवहारात मात्र आनंदच! दिशा न सोडणाऱ्या सदिशांवर आयुष्य घालवलेले सर एकदा उमरखेडची म्हणून खुशाल आर्णीच्या एसटीत बसले. मी आर्णीत शिकवते, म्हणून जेवायला तरी मिळाले.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांचाच नवा लेख तपासताना मला चौथ्या पानावर चूक सापडली. भीतभीत फोन केला. सर खदखदून हसले. "बराबर हाय तुह्यं! चहा लागू."

मग मी इतकी वर्षे मनात असलेले विचारले, "सर, तेव्हाची चूक मुद्दाम होती ना?"

"छे गं, खरंच चुकलो होतो. तुझ्या वहीत दुरुस्ती दिसली, म्हणून पुसलं नाही. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर सोमवारीही पुसलं नसतं."

पण सोमवारपर्यंत मी तिथे थांबलेच नसते. शनिवारी घरी परतण्याचा तो बेत मी सरांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितला. सर म्हणाले, "चहाले ये. लवकर ये."

सर, तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि अधूनमधून असेच चुकत राहा. मी निघालेच आहे.