राबात पुरलेलं लोखंड

कुठल्याही यंत्रापुढे उभे राहिले की मिस्त्री आधी अख्खा पंजा त्याच्यावर ठेवत. यंत्र गार असो की तापलेलं. मग म्हणत, "मेला म्हनून कोन सांगतो?" कुणी सांगितलेलं नसलं तरी म्हणत.

तुमच्याही गावात असा एक जण असेल, ज्याला सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणतात. आमचे मिस्त्री शहापूरजवळच्या कुणबी घरातले. कसाऱ्याच्या इंजिन-शेडमध्ये त्यांनी सात वर्षं हातोडा मारला. कागदावरचा नकाशा वाचता येत नाही म्हणून वरची जागा दुसऱ्याला मिळाली, तेव्हा हे पान्हा खाली ठेवून निघून आले. पण बैलांमागे परत जायचं नाही, हे ठरवूनच. आमच्या भागात मशीन एकच होतं: गवताच्या वखारीच्या शेटचा ट्रॅक्टर. लोखंडी चाकांचा, रॉकेलवर चालणारा, तेव्हाच म्हातारा झालेला. मिस्त्री त्याचे चालक. मी त्याच वखारीत कारकून. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए., हे मी कुणी न विचारता सांगत असे. आजही सांगतो.

लढाईचे दिवस होते. मुरबाडकडून गवताच्या गासड्या आणून आटगावला रेल्वेच्या वाघिणीत भरायच्या होत्या. नदी ओलांडायच्या उताराशी मिस्त्रींनी ट्रॅक्टर थांबवला.

"बीए, धुराचा नळ लय तापलाय. घटकाभर थांबू."

हा नळ म्हणजे इंजिनाच्या चारही तोंडांचा जळका धूर गोळा करून बाहेर सोडणारा ओतीव लोखंडाचा भाग. मला तेव्हा तो कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं.

"वाघीण थांबणार आहे का तुमच्यासाठी?" मी म्हणालो. "घाला पाण्यात. माझा हुकूम समजा."

त्यांनी घातला. लोखंडी चाकांनी तापल्या नळावर गार पाणी उडवलं, ठण्णकन आवाज झाला आणि नळाचे दोन तुकडे झाले.

मुंबईहून फिटर आला. त्याने लांबूनच पाहिलं. "नवा नळ बोटीने येईल, लढाई संपल्यावर. भंगारात द्या." शेटनी भंगारवाल्याला येत्या बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं आणि मला कागद लिहायला बसवलं: चालकाच्या निष्काळजीपणामुळे ट्रॅक्टर मोडला. खाली चालकाचा अंगठा. मी तो लिहिला. होय, मीच. चांगल्या वळणदार अक्षरात.

"वाचा," मिस्त्री मला म्हणाले. "मोठ्यानं."

मी वाचला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शेट, आधी इंजिन चालू करतो, मंग कागदाचा बघू. त्या फिटरनं हातमोजा पन काढला नाय. आमच्यात मेलेल्या मानसाला बी हात लावून बघतात."

"आणि नाही चालू झालं तर?"

"तर अंगठा काय, मनगटापासनं हात घ्या. मी मशीन सोडतो नि बैलं हाकतो."

गंजलेले बोल्ट रॉकेल पाजून पाजून सुटायला दोन दिवस गेले. तुकडे जोडायला एका फुटक्या लोट्याचं पितळ होतं, जोड धरायला टाकणखार होता, लोहाराचा भाता होता. भीती जोडण्याची नव्हती, निवण्याची होती. ओतीव लोखंड एका अंगाने आधी निवलं की पुन्हा तडकतं. त्याला सावकाश निववणारी आग हवी होती, आणि अशी आग आमच्याकडे एकच: भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात शेण, पाला, गवत रचून, वर माती पसरून जाळतात तो राब. शेजारच्या काकूंचा राब रचून तयार होता.

"माज्या राबात लोखांड?" काकू कडाडल्या. "आन भाताऐवजी खिळं उगवलं म्हंजे रे?"

"उगवू दे की गो काकू. खिळ्यांना सध्या भाव हाय."

"मेल्या, तुजा तो धूर वकनारा रेडा माजा बांध फोडून गेला. इसरले नाय मी."

"बांध घालून देतो."

"तू? चिखलात हात घालशील?"

"पान्ह्यानं घालता आला असता तर पान्ह्यानं घातला असता."

काकू हसल्या, आणि काम झालं.

सकाळीच राब पेटवला, वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे तो धुमसत धुमसत जळतो. बांधावर भाता लावून मिस्त्रींनी नळ जोडला आणि लाल असतानाच चिमट्याने नेऊन राबाच्या तापल्या राखेत पुरला. मग दिवसभर राखणीला बसले. दुपारी मी प्यायला पाण्याचा तांब्या नेला.

"तुमी पानी घेऊन लांब बसा, बीए," ते म्हणाले.

चार दिवसांत त्या विषयावर ते एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी नळ उकरला, ठोकून पाहिला. अखंड वाजला. तांब्याच्या पत्र्याच्या चकत्या घालून तो जागेवर बसवला, तोवर बाजाराचा दिवस उजाडला आणि भंगारवाल्याची रिकामी बैलगाडी वखारीच्या दारात येऊन थांबली. मिस्त्रींनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. भंगारवाला तंबाखू मळत म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, म्हातारा दमला." तिसऱ्या वेळी इंजिन असं गरजलं की भंगारवाल्याचे बैल गाडीसकट पळाले आणि त्यांच्यामागे भंगारवाला.

शेट खूष झाले. पण शेट ते शेटच. "शाब्बास. तरी कागद कागदाच्या जागी हवा. अंगठा लाव." त्यांनी शाईची पेटी पुढे सरकवली.

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी लावनार नाय. ज्याला लिवता येतं त्यानं लिवावं."

मी कागद ओढला. 'चालकाच्या' खोडून वर 'कारकुनाच्या' लिहिलं. 'निष्काळजीपणामुळे' तसंच ठेवलं, आणि खाली पूर्ण नाव, पुढे बी.ए. त्या पदवीचा इतका नेमका उपयोग मी नंतरही कधी केला नाही. शेटनी मला उभ्या उभ्या काढलं.

वळकटी घेऊन मी आटगावची वाट धरली, तर मागून ट्रॅक्टर आला. "बसा," मिस्त्री म्हणाले. इंजिन आटगावपर्यंत गरजत होतं.

पुढे मी दूर मास्तर झालो. तीन पावसाळ्यांनी ते तापाने गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं जे आहे, ते आटगाव स्टेशनातलंच. माझी गाडी आली तरी त्यांनी इंजिन बंद केलं नव्हतं.

"अहो, रॉकेल जातंय!" मी ओरडलो.

"जाऊ दे! कल्यानपर्यंत ऐकू जाऊ दे!"

गाडी हलली. मी खिडकीतून पाहिलं, तर स्टेशनमास्तर फलाटाच्या टोकाला उभे राहून दोन्ही हातांनी 'बंद करा, बंद करा' अशा खुणा करत होते. आणि मिस्त्री ट्रॅक्टरवर उभे राहून, कानामागे हात धरून, काहीच ऐकू येत नाही असं त्यांना दाखवत होते.