सहा महिन्यांतले दोन महिने

आम्ही दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. मुलगी झाली तेव्हा बायकोला सहा महिन्यांची रजा मिळाली आणि मी चौथ्या दिवशी शाळेत हजर. मुलगी चार महिन्यांची होत आली, तसा बायकोचा जीव तिच्या पाचवीच्या वर्गात घुटमळायला लागला. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर होती. म्हणाली, "उरलेले दोन महिने तुम्ही घ्या. रजा तर एकाच घराची आहे ना?"

मला ते पटलं. मी सरळ अर्ज लिहिला की पत्नीच्या रजेतले शेवटचे साठ दिवस मला द्यावेत. आमच्या मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

अर्ज भोकरदनला पंचायत समितीत गेला. तिथल्या रजेचं काम पाहणाऱ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सर, असा अर्ज आजवर आलाच न्हाई. नियमात बसत न्हाई, हे मला बी माहीत हाय. पण मी वर पाठवते. न्हाई म्हणायचं तर लेखी म्हणू द्या."

तीन आठवड्यांनी लेखी नकार आला. त्याच बाईंनी मग माझं सेवापुस्तक उघडून दाखवलं. माझी अर्धपगारी रजा भरपूर साठली होती. ती मी घेतली. बायको कामावर रुजू झाली.

पहिला आठवडा फार हाल झाले. अंघोळ घालताना मुलगी कमी आणि मीच जास्त भिजायचो. बायकोची शाळा जवळच होती, म्हणून मधल्या सुट्टीत लेकीला दूध पाजायला मी तिथं घेऊन जायचो. पाचवीची पोरं फाटकापाशी वाट बघत उभी असायची. गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली. एका शेजाऱ्यानं हळूच विचारलं, "सर, सस्पेंड झालात का?" मी नाही म्हणालो, पण त्यांना ते खरं वाटलं नसावं. महिनाभरानं मला रडण्यातला फरक कळायला लागला. भुकेचं कोणतं, झोपेचं कोणतं. दहा वर्षांच्या नोकरीत एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

मी परत रुजू झाल्यावर राजूरला शिक्षकांची बैठक झाली. बापालाही पगारी रजा मिळावी आणि आईची रजा दोघांना वाटून घेता यावी, असं निवेदन मी तिथं वाचलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. तेवढ्यात आमचे मुख्याध्यापक उठले. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष राहिलं होतं.

"माझ्या पोराला मी बाराव्या दिवशी पाह्यलं," ते म्हणाले. "तवा मला वाटायचं, असंच असतंय. या सरांचा अर्ज वाचला तवा पहिल्यांदा वाईट वाटलं."

पहिली सही त्यांनीच केली. मग कागद बाकाबाकांवरून फिरत राहिला, सह्यांना जागा पुरेना म्हणून मागं दुसरा जोडावा लागला.

निवेदनाचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी आम्ही चौघं शिक्षक ते विचारायला जालन्याला जिल्हा परिषदेत चाललोय. लेकही बरोबर येणार आहे, कारण त्या दिवशी रजा मी टाकलीय, तिच्या आईला सुट्टी नाही.