पूजेतली लोंबती तार

अनेकांत तवनाप्पा मगदूम. जन्म हुपरी, १९६६. कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतशाळेत, नोकरी १९९८ ते २०२४. अखेरची काही वर्षे कारखान्याच्या नेटवर्कचे प्रमुख. निवृत्तीनंतरचे वास्तव्य शिवाजी पेठ, कोल्हापूर.

वडील तवनाप्पा चांदीच्या पैंजणांचे कारागीर होते. एक कडी वाकडी बसली तर सबंध पैंजण पुन्हा मुशीत टाकणारे. तो काटेकोरपणा मुलात पुरेपूर उतरला. फौंड्रीतल्या प्रत्येक तारेच्या टोकाला अनेकांतांच्या वळणदार अक्षरातली कागदी चिठ्ठी असे: ही तार कुठून आली, कुठे गेली. एकाच कामाला दोन वस्तू त्यांना खपत नसत.

याच शिस्तीपोटी २०२१ साली त्यांनी भट्टीवरचा काटा काढायचे ठरवले. विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते आणि त्यातून थंड पाणी अखंड फिरावे लागते. परतीचे पाणी किती तापले, हे दाखवणारी जुनी काट्याची तबकडी भट्टीच्या कठड्यावर होती. आता तेच तापमान नेटवर्कवरून पडद्यावर येऊ लागले होते. भट्टीवरचे जुने जाणते कामगार गणपतराव पोवार यांना हे रुचले नाही.

"अण्णा, काटा ऱ्हाऊ दे की. डोळ्यांम्होरं असतोय. तुमचं काय खातोय त्यो?"

"मामा, दोन्हींनी वेगवेगळे आकडे दाखवले, तर खरं कुणाचं धरायचं?"

"आन् पडदाच मेला तर?"

"मरत नाही," अनेकांत म्हणाले. त्याच आठवड्यात काटा निघाला.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. सकाळपासून यंत्रे धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालणे चालले होते. हातातली ऑर्डर मोठी असल्यामुळे भट्टी थंड केली नव्हती. चालू भट्टीचीच पूजा झाली. सर्वांत शेवटी नेटवर्कच्या कपाटाचा मान. त्याचे दार अनेकांतांनी स्वतः उघडून दिले आणि ते ऑफिसातल्या पूजेला गेले. प्रसादाचा पेढा हातात असतानाच भट्टीविभागाचे प्रमुख अमरसिंह इंगवले यांचा फोन आला.

"अण्णा, असंल तसं पळत या! समदे पडदे मेल्यात. भट्टीचं पाणी दिसंना!"

अनेकांत धावत कपाटासमोर आले. स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एका तालात, पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. याचा अर्थ त्यांना पाहताक्षणीच कळला.

तारेवरून जाणारा निरोप लहान लहान पाकिटांतून जातो. पाकिटावर आधी घेणाऱ्या यंत्राचा पत्ता, मग देणाऱ्याचा, मग मजकूर आणि शेवटी पडताळणीचा आकडा. वाटेत मजकूर बिघडून आकडा जुळेनासा झाला, तर घेणारे यंत्र ते पाकीट मुकाट्याने टाकून देते. देणाऱ्याला ना पोच मिळते, ना तक्रार येते. स्विच म्हणजे या पाकिटांचे वाटपघर. तारा खोचायच्या भोकांपैकी कोणत्या भोकातून कोणाचे पाकीट आले हे तो ध्यानात ठेवतो आणि त्याच्या नावचे पाकीट पुढे त्याच भोकातून धाडतो. मात्र 'अमुक यंत्र कुठे आहे?' अशी सर्वांना उद्देशून हाळी आली, की ती जिथून आली ते भोक सोडून बाकी सगळ्या भोकांतून बाहेर घालतो. आता एखाद्या तारेची दोन्ही टोके त्याच स्विचात खोचलेली असली, तर एकातून गेलेली हाळी दुसऱ्यातून परत येते. स्विचला ती नवीच वाटते. तो ती पुन्हा सगळीकडे धाडतो. या पाकिटाला वय नसते, ते फिरून फिरून थकत नाही. बघता बघता अशा हाळ्यांचे वादळ होते आणि खऱ्या निरोपांना वाट उरत नाही.

उपाय साधा होता: ती तार उपसायची. परंतु कोणती? चिठ्ठ्या पाहण्यासाठी अनेकांत वाकले आणि जागच्या जागी थिजले. एकाही तारेला चिठ्ठी नव्हती. पूजेपूर्वी कोणीतरी ओल्या फडक्याने सगळे लख्ख पुसून घेतले होते.

"उपसा की एकेक!" अमरसिंह ओरडले.

"यातली एक पंपघराची आहे. तिच्यावरचे निरोप पुरते तुटले, की पंप आपोआप थांबतो. आत्ता वादळातूनही एखादं पाकीट पोचतंय, म्हणून मंद का होईना, चाललाय."

"भट्टीची वीज तोडलीया मी."

"आत लोखंड उकळतंय, अमरसिंहराव. वीज तोडली तरी पाणी लागतंच. पाणी थांबलं तर वेटोळं फुटेल, आणि ते पाणी लोखंडाला भिडलं तर..."

"ठावं हाय मला काय हुतंय ते! शिकवू नका!" अमरसिंहांच्या कपाळावर घाम फुटला होता. "समद्यांस्नी भाईर काढलंय. त्यो म्हातारा तेवढा उतरंना."

अनेकांतांनी वर पाहिले. भट्टीच्या कठड्यापाशी गणपतराव एकटे उभे होते. एका हातातला मोजा काढून त्यांनी तो तळवा परतीच्या पाण्याच्या रबरी नळीवर ठेवला होता. काटा होता, त्याच जागी.

"मामा, खाली या!"

"मी आल्यावर पाणी कोन बघनार? तुमचा पडदा?" गणपतराव वरून ओरडले. "हात ठेववतोय अजून. तुमी तुमचं बघा!"

अमरसिंहांनी दारात जमलेल्या कामगारांकडे मोर्चा वळवला. "कपाटात कुणी छेडछाड केली? आत्ता बोला, न्हायतर उद्या गेटावरनंच माघारी!"

तो आवाज गणपतरावांपर्यंतही पोचला होता. त्यांनी तळवा नळीवरून हलवला नाही. छेडछाड म्हणावी असे कोणीच काही केले नव्हते.

"अण्णा, नळी तापाय लागली!"

अनेकांतांनी डोळे मिटले आणि काल संध्याकाळचे कपाट आठवू लागले. लॅपटॉप जोडून तपासणी केली होती. एक तार स्विचात तशीच ठेवून तिचे मोकळे टोक त्यांनी लोंबते सोडले होते; उद्या पुन्हा लागेल म्हणून. आयुष्यात क्वचित केलेला आळस. त्यांनी डोळे उघडले. आज कपाटात लोंबते टोक नव्हते.

देवापुढे ठेवायची वस्तू अर्धवट, लोंबती बरी दिसत नाही. पूजा करणाऱ्याने ते टोक उचलून रिकाम्या भोकात खोचले असणार. टक् आवाज होऊन ते चपखल बसलेही असणार.

त्यांनी बॅटरी मारली. तारांच्या टोकांवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. दोन टोकांवर कुंकू होते. दोनच. त्यांतले एक पंपघराचे असले तर?

"हात ठेववंना आता, अण्णा!" वरचा आवाज बदलला होता.

अनेकांतांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक लागेल इतके जवळ जाऊन पाहिले. पहिल्या टोकावर कुंकवाचा एकच टिळा होता, फक्त वरच्या अंगाला, लावलेला. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना पुसट लाल ठसे होते. ते टोक कोणीतरी चिमटीत धरले होते.

त्यांनी दुसरे उपसले.

दिवे विझल्यासारखे झाले. मग एक लुकलुकला, थांबून दुसरा; प्रत्येक आपापल्या लयीत. पलीकडे पडदा उजळला. पाण्याचा आकडा लाल होता. पंपाचा वेग वाढवताच तो एकेक अंशाने उतरू लागला. अमरसिंह मटकन खुर्चीत बसले आणि लगेच उठले.

"कुनी खोचली ही तार? नाव सांगा मला."

गणपतराव जिना उतरून आले होते. तळवा भाजून लाल झाला होता. बोटांवरचे कुंकू त्याहून गडद होते. अनेकांतांनी ती बोटे पाहिली.

"तार माझी," ते म्हणाले. "लोंबती मी ठेवली."

"खोचली कुनी, म्हनतोय मी!"

"लोंबती नसती, तर कुणी खोचली नसती. आणि काटा काढला नसता, तर मामांचा हात भाजला नसता. लावायचं ते नाव माझं लावा."

गणपतरावांनी आपल्या बोटांकडे पाहिले, मग हात विजारीला पुसले. "मलम आना कुनीतरी," एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतरची व्यवस्था अशी झाली. काट्याची तबकडी पुन्हा कठड्यावर बसली. भट्टी आणि पंपघर यांना स्वतंत्र स्विच मिळाला. जुन्या स्विचच्या जागी, तार फिरून स्वतःकडेच आलेली ओळखून ते भोक बंद करणारा नवा स्विच आला. कपाटाची पूजा होते, ती बंद दाराची.

पुढच्या उन्हाळ्यात गणपतराव निवृत्त झाले. दरवर्षी जैनांच्या पर्युषणानंतरच्या क्षमावाणीला अनेकांत फोनमधल्या सर्वांना क्षमायाचनेचा एकच संदेश धाडीत. त्या वर्षी तो धाडून झाल्यावर ते गणपतरावांच्या गावी, सिद्धनेर्लीला गेले. गणपतराव रानात गेले होते. त्यांच्या पत्नी चिमणाबाई दारात आल्या.

"काय सांगू त्यास्नी?"

"काटा काढला ती चूक माझी. क्षमा मागायला आलो होतो, एवढं सांगा."

"एवढ्यासाठनं आलायसा व्हय? बसा, च्या घ्या."

अनेकांत चहा घेऊन परतले. उत्तर आले नाही. निरोप सांगितला गेला की नाही, पोचला असेल तर ठेवला गेला की टाकला गेला, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही.

"अहो, जाऊन विचारा की एकदा," अनेकांतांच्या पत्नी प्रभावतीबाई दरवर्षी म्हणतात. "तुमच्या तारांना पोच नसेल. माणसांना असते."

येत्या क्षमावाणीला पुन्हा जायचे ठरले आहे. या खेपेस सकाळी, गणपतराव रानात निघण्याआधी.