नानांचा पंप आणि मी फिरवलेली चावी

एकदा मी हेलियमची चावी नको तेवढी उघडली आणि वर दुपारपर्यंत गप्प बसले. दोन्ही मूर्खपणे माझेच. पण ते सांगायचे तर आधी नाना सांगायला हवेत.

नाना धुळ्याकडचे. आमच्या प्रयोगशाळेत हवा उपसणारे पंप सांभाळायचे. मी जळगावची, पीएचडीची घाई लागलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. त्या माणसानं मला छळलं तेवढं सासूनंही छळलं नाही! एक बोल्ट आवळला की हातमोजे बदलायचे, दाब वहीत लिहायचे, पुन्हा बघायचे. हातातलं काम संपेपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. माझ्याशी छापील मराठी: "मॅडम, थोडं थांबावं लागेल." पंपाशी मात्र अहिराणी: "घाई कसानी शे, माय?" मला त्या पंपाचा हेवा वाटायचा.

आमचं यंत्र म्हणजे चार सळ्यांमधली अरुंद वाट. किरणोत्सारी आयन तिच्यात उधळत यायचे, विरळ हेलियमला धडकून धडकून थंड व्हायचे. टोकाशी विजेचं फाटक. तिथं त्यांना क्षणभर अडवायचं आणि एका घोळक्यानं पुढं सोडायचं. सगळं झटपट, कारण ते सेकंदभरात विरणारे. हे यंत्र वापरायला माझ्या वाट्याला तीनच दिवस आले होते. त्यावर माझा प्रबंध.

पहिल्याच सकाळी नाना चहा आणायला गेले. मी म्हटलं, हेलियम जास्त तर थंडावा जास्त! फिरवली चावी. गॅस नको तिथं घुसला, आत ठिणगी उडाली, पंप आपोआप बंद. मी चावी गुपचूप नानांनी पेन्सिलीनं केलेल्या मूळ खुणेवर आणली आणि साळसूदपणे उभी राहिले.

नानांना वाटलं, कुठंतरी गळती आहे. ती सापडल्याशिवाय पंप सुरू करायला ते तयार होईनात. आणलेला चहा तसाच बाजूला ठेवून एकेक जोड तपासू लागले. आणि मी, महामाया, मनात चरफडतेय: किती हळू हा माणूस! माझा दिवस घालवला यानं!

दुपारी बाविसाव्या जोडाशी वाकताना त्यांनी कमरेवर हात ठेवला. मग मात्र मला राहवेना. सांगून टाकलं.

संध्याकाळी पंप सुरू झाला. उरलेल्या दोन दिवसांत माझी मोजमापं कशीबशी झाली, प्रबंधही झाला. नाना आता नाहीत. माझी नात काही फोडून साळसूद चेहऱ्यानं समोर आली की मला ती दुपार आठवते. त्या दुपारी त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. साय धरलेल्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले,

"चूक व्हयनी ते पहिले सांगानं, माय. दख, मन्हा चहा थंडा व्हई गया."