जोशी मॅडम आणि दोन भावांची माती

वसुधा जोशी मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या सत्काराच्या समारंभात निघणाऱ्या या पुस्तकात मीही लिहावं, असा निरोप आला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचे लिहिणारे मोठे लोक. पण मॅडमबद्दल गप्प बसणंही मनाला पटेना.

मॅडम मला पहिल्यांदा भेटल्या त्या हिंगोलीच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत, नव्वद सालानंतर कधीतरी. मी दाराशी चपला काढून उभा होतो. त्या म्हणाल्या, "काका, चपला घाला, खाली काच फुटलीय." मग मी विचारलं नसतानाही त्यांनी मला त्यांचं काम दाखवलं. मातीत द्रावण टाकून ती हलवायची, गाळायची आणि गाळलेलं यंत्रात तपासायचं. "जमिनीत जस्त असतं, लोह असतं. पण मुळाला त्यातलं किती घेता येईल, ते आम्ही मोजतो. घरात धान्य असून लेकराच्या अंगी लागलं नाही, तर काय उपयोग?"

पुढे काही वर्षांनी गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावर मी आणि धाकटा भाऊ रामसिंग, आमची वाटणी झाली. त्याच्या तुकड्यात हळदीची कोवळी पानं पांढुरकी पडू लागली. माझी हळद हिरवीगार. आम्ही मॅडमना कळवलं. त्यांनी निरोप दिला, की स्वच्छ भांड्यात माती काढून पाठवा. रामसिंगनं ती काढली, मी जीपनं पोचवली. अहवाल आला, जस्त भरपूर आहे.

"दादा, वाटेत माती बदलली का?" रामसिंगनं भर पारावर विचारलं.

"काहून बदलीन रे मी?"

"चांगला तुकडा सोताला ठेवला, ते झाकाया!"

त्या दिवसापासून त्यानं माझ्या घरचं पाणी सोडलं. माझ्या जिवाला घोर लागला. मी मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मॅडम जीपच्या दाटीत बसून आल्या. पान हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. "पान म्हणतंय जस्त नाही, माझा कागद म्हणतोय आहे. रामसिंग, माती कशात कालवली होती?"

त्यानं घरातून चकचकीत बादली आणली. "तुमीच म्हणलं ना, स्वच्छ भांडं घ्या. नवीकोरी काढली मॅडम! बायकोला पाण्यालाबी दिली न्हाई अजून."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "या बादलीला जस्ताचाच मुलामा आहे. त्यातलं कणभर मातीत खरवडलं गेलं, तरी आमचं मोजमाप फसतं." मग पारावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दादांनी माती बदलली नाही. रामसिंगनंही काही चुकवलं नाही. मी स्वच्छ म्हणाले, कशाचं भांडं ते बोलले नाही. चूक माझी आहे."

एवढ्या शिकलेल्या माणसानं आमच्या पारावर असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यांनी स्वतः लाकडी खुंटीनं माती काढली आणि प्लास्टिकच्या टोपलीत कालवली. या खेपेला जस्त फारच कमी निघालं. माझ्या बाजूला गोठा, शेणखत वर्षानुवर्षं तिथंच पडत आलेलं, हेही त्यांनीच उलगडून सांगितलं. रामसिंगनं झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत टाकलं. नवी पानं हिरवी फुटली, त्या दिवशी तो माझ्या दारात आला. आत बघून म्हणाला, "वहिनी, चहा टाका."

मॅडम अजूनही प्रत्येक मेळाव्यात बादलीची गोष्ट सांगतात. आमची नावं मात्र कधी घेत नाहीत.

कामाच्या नादात त्यांचा डबा बऱ्याचदा तसाच घरी परत जातो, असं ऐकलं. मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे. आम्ही दोघं भाऊ समारंभाला एकाच जीपनं येत आहोत. मॅडमनी वेळेवर जेवावं, ऊन सांभाळावं, खूप वर्षं आमच्यात राहावं. आणि त्या खातील तो प्रत्येक घास त्यांच्या अंगी लागो.