वालाच्या शेंगा आणि शालूताई

शालूताई गेल्याचं मला समजलं ते रोह्याच्या एका हॉलमध्ये, निळ्या-चंदेरी फुग्यांच्या कमानीखाली. आमच्या वन्संच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. उत्सवमूर्ती सूट-बूट घालून आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि डीजेवाला तिला उठवायचा जीव तोडून प्रयत्न करत होता. शालूताईच्या मुलाचा, नितीनचा पेणहून फोन आला म्हणून मी बाहेर जिन्यात गेले. "काकी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. दोन दिवस नुसती कणकण होती, दुपारी जेवून ओटीवर टेकली होती, तशीच... मी आत येऊन वन्संच्या कानाशी लागले. शालूताई म्हणजे माझी थोरली जाऊ आणि त्यांची सख्खी भावजय. वन्सं म्हणाल्या, "मला मघाशीच कळलंय. केक होऊ दे. फोटोवाला थांबलाय."

नितीनची मुलगी तनू माझ्याबरोबर आली होती. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून ती स्टेजपुढे बाकीच्या पोरांत उड्या मारत होती. मी तिचा हात धरला आणि निघाले. तेवढ्यात माईकवरून बर्थडे बॉयच्या आजीला स्टेजवर बोलावलं, आणि वन्सं गेल्या. पदर सारखा करून त्यांनी सुरीला हात लावला, हे मी दारातून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा पुढच्या मजकुरात सौजन्य कमी पडलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं... नाही घेतलं तरी माझी तक्रार नाही.

आमच्या ह्यांनी गाडी काढली. वाटेतलं निडी गाव मागे पडलं. तनू म्हणाली, "आपण केक न खाताच निघालो?" म्हटलं, आजीला बरं नाही. त्यावर ती थोडा विचार करून म्हणाली, "नाय खाल्ला ते बरं झालं. नायतर आजीनं मला लगेच शेंग नसती दिली." ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उगाचच काच पुसत बसले. या शेंगेची भानगड सांगितल्याशिवाय शालूताई कोण होती ते कळायचं नाही.

ती धरमतरच्या बाजूची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. मी रोह्याला शाळेत शिकवणारी, थोडी शहाणी समजली जाणारी. जावाजावांचं जमत नाही असं सगळे धरून चालतात, पण आमचं जमलं, आणि ते दुसऱ्यांना नावं ठेवण्यावर जमलं. हे मी जरासुद्धा न लाजता लिहिते. माझं लग्न नवं होतं तेव्हा नात्यातल्या कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. हातात कागदी बशी, बशीत गुलाबी केक, चार वेफर्स आणि एक वाळका सामोसा. यजमानीण आपण हे सगळं मुंबईहून मागवल्याचं प्रत्येकाला सांगत फिरत होती. शालूताईनं एक घास घेतला, तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय गो मंगल, ह्यो केक हाय का भांडी घासायचा स्पंज?" मला ठसका लागला. तोवर मी तिला अहोजाहो करत होते, त्या दिवशी तिनं ते बंद करायला लावलं.

पेणच्या घरात तेव्हा पोरं पुष्कळ. तिची स्वतःची, शेजारची, आणि शाळेसाठी मामीकडे ठेवलेला वन्संचा राकेश, म्हणजे हॉलमधल्या त्या उत्सवमूर्तीचा आताचा बाप. एवढ्या सगळ्यांचे वाढदिवस तारखेवारी करायचे तर घर चालायचं नाही, हे तिनं पुरतं ओळखलं होतं. तिनं तारखाच मोडीत काढल्या. शेतात वालाच्या शेंगा भरल्या की एका संध्याकाळी पोपटी लावायची आणि तोच सगळ्या पोरांचा वाढदिवस. बांधावरचा भांबुर्डीचा पाला मडक्याच्या तळाशी घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि माहेराहून आणलेलं जाडं मीठ. तोंडाला पुन्हा पाला कोंबून मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि वरून गवत-पाचोळा रचून पेटवून द्यायचा. खेळ म्हणजे मिठाच्या रिकाम्या पोत्यात पाय घालून उड्या मारत बांधापर्यंत जाऊन यायचं. फुगे नाहीत, टोप्या नाहीत. कुणी प्लॅस्टिकची गाडी आणलीच तर ती आणणाऱ्याच्याच पोराच्या हातात परत ठेवायची.

जाळ बसला की ती मडक्यावर पाण्याचा हात झटकायची. चर्र झालं की पोपटी झाली. मग पोरं रांगेत बसायची आणि प्रत्येकाच्या हातात एक गरम शेंग. "ही खाल्ली का तू एक वर्सानं मोठा," असं ती बजावायची, आणि पोरं ते खरं मानायची. शाळेत बाईंनी जन्मतारीख विचारल्यावर राकेशनं "पोपटीच्या दिवशी" असं सांगितलं होतं आणि मीही शिक्षिका म्हणून बाईंनी मलाच चिठ्ठी पाठवली होती. पुढे हॉलमधल्या वाढदिवसांची साथ आली तशी तिनं नियम आणखी कडक केला. एका वर्षात दोनदा वाढायचं नाही. ज्यानं यंदा कुठं केक खाल्ला असेल त्यानं आधी पोत्यातून बांधापर्यंत जाऊन यायचं, मगच शेंग. पोरं पळत येऊन आपणहून कबुली द्यायची, कारण पोत्यात जायला मिळायचं.

ती गोड बाई होती असं मात्र कुणी समजू नये. गेल्यापासून जो तो मला "प्रेमळ होत्या हो" असं सांगतो, ते ऐकून माझं डोकं फिरतं. ती फटकळ होती. पाहुण्यांना ताटावरून उठवायला कमी करायची नाही. हॉलच्या आमंत्रणाला ती मुद्दाम जायची, मागच्या खुर्चीत बसायची आणि मला एकेक दाखवायची. स्वतःच्या पोराला घास भरवण्याआधी फोटोवाल्याकडे बघणारा बाप. परतभेटीच्या पिशव्या मोजून घेणाऱ्या बाया. जंगलाची थीम म्हणून भिंतीला टांगलेलं थर्माकोलचं माकड. "त्या माकडाचं बरं हाय गो, त्याला केक खावा लागत नाय," असं ती म्हणाली आणि आम्हाला हसण्यासाठी बाहेर जावं लागलं. आता मला असं हसायला माणूस उरलं नाही. कुठेही काही भिकार दिसलं की मान आपोआप डावीकडे वळते, कारण ती नेहमी डावीकडे बसायची... आणि तिथं कुणी तरी अनोळखी बाई वेफर्स खात असते.

राकेश मोठा झाला, कंपनीत लागला आणि पोपटीची त्याला लाज वाटू लागली. बायकोला त्यानं "मामीकडे लहानपणी आमचे वाढदिवसच व्हायचे नाहीत" असं सांगून ठेवलं होतं. ते शालूताईच्या कानावर आलं. बाकी कशावरही बोलणारी ती, यावर काहीच बोलली नाही. त्या वर्षी पोपटी लावताना फक्त म्हणाली, "एक शेंग जास्त घाल गो. आला तर आला."

बारा दिवस झाले, तेरावं झालं. केक होईपर्यंत जिला फुरसत नव्हती तीच आमची नणंद आता ओटीच्या मधोमध बसून नियम सांगू लागली. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, पोपटी तर नाहीच नाही. लोक काय म्हणतील. नितीनला आत्याच्या तोंडाला तोंड द्यायची सवय नाही. तो म्हणाला, "राहू दे काकी, एक वर्षाचा तर प्रश्न आहे." प्रश्न एका वर्षाचाच होता. तनू तारखेनं सहाची होऊन गेली होती, पण तिच्या लेखी ती अजून पाचच होती. बालवाडीतल्या मैत्रिणी सहाच्या झाल्या आणि ही त्यांना पाचच बोटं दाखवायची. एका सकाळी पेणला मी तिची वेणी घालत असताना तिनं विचारलं, "आजी नाय, मग पोपटी नाय. पोपटी नाय, मग मी मोठी होणारच नाय का?" मी तिला सांगू शकले असते की बाळ, वय आपोआप वाढतं. एका शिक्षिकेनं तेच सांगायला हवं होतं. मला ते सांगवेना. शालूताईनं जे एवढी वर्षं खरं करून दाखवलं होतं ते खोटं ठरवायचं काम माझ्याकडून होणार नव्हतं.

फेब्रुवारी संपत आला होता. वाल वाळायला लागले होते, आणखी आठवडा गेला असता तर शेंगांऐवजी कडधान्यच हाती आलं असतं. मी कुणाला विचारलं नाही. नितीनला फक्त सांगितलं, "रविवारी संध्याकाळी मी शेतात आहे. तुला यायचं तर ये, आत्याला विचारायचं तर विचारत बस." तनू आणि मी वाफ्यावाफ्यातून हिरव्या राहिलेल्या शेंगा शोधल्या. शेजारच्या बायकांनी आपल्या परसातल्या ओंजळ ओंजळ आणून टाकल्या. त्यांतली एक म्हणाली, "शालूचं पोपटीबिगर वर्स गेलं तर ती वरून शिव्या घालंल." नितीन आला आणि गवत रचू लागला.

जाळ पेटला आणि राकेशची गाडी बांधाशी थांबली. त्याच्या हातात केकचा खोका, मागोमाग वन्सं. मला चार शब्द सुनवायला आल्या होत्या हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण एवढ्या बायका बघून त्या खुर्ची मागवून बाजूला बसल्या. राकेशनं पहिलं काय केलं, तर मडक्याचा फोटो काढला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तनूनं खोका उघडून आत पाहिलं आणि अगदी आजीच्या सुरात म्हणाली, "ह्यो स्पंज तिकडं ठेव, काका." जाळ बसल्यावर तिनं वाटीतलं पाणी मडक्यावर झटकलं. चर्र झालं.

पहिली शेंग तिनं स्वतः खाल्ली, सावकाश, दाणा दाणा. "झाले सहा," म्हणाली आणि बाकीच्यांना वाटायला निघाली. राकेशपुढे येऊन थांबली. "काका, तू त्या दिवशी केक खाल्लास ना? आजी गेली त्या दिवशी?" तिच्या मनात टोमणा नव्हता. ती नियम विचारत होती. राकेश बूट काढून मिठाच्या पोत्यात शिरला आणि त्या चांगल्या पँटीसकट उड्या मारत बांधाकडे निघाला. अर्ध्यात पडला, उठला, पुन्हा निघाला. परत आला तेव्हा रडत होता. तनूनं त्याला शेंग दिली, कारण नियम पुरा झाला होता.

मग ती वन्संपुढे गेली. वन्संनी हात पुढे केला होता. "तुम्ही पण खाल्लात," तनू म्हणाली. वन्सं म्हणाल्या, "अगं, माझे गुडघे..." तनूनं त्यांच्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं. "मग पुढच्या वर्षी," म्हणाली आणि पुढे सरकली. तो हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मडकं आता माझ्याकडे आहे, रोह्याला, मागच्या दारी. काजळी धुवायची नाही हा शालूताईचा दंडक, म्हणून ते जसंच्या तसं काळं आहे आणि तोंडाशी नाक नेलं की अजून ओव्याचा आणि पाल्याचा वास येतो. परवा वन्सं येऊन गेल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, हॉलचं नावही काढलं नाही. जाताना मागच्या दारी गेल्या आणि मडक्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते, आता लोक काय म्हणतील ते ऐकायला मिळणार म्हणून. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगल, ते पोतं कुठं ठेवलंयस गो?"